पाच पाचरी, सहा सांधे

लिनियाचं बॉनेट उघडं आहे. पुढचा बंपर काढून भिंतीला टेकवला आहे, रेडिएटरचा पंखा खोलून बाजूला ठेवला आहे. एरवी प्लॅस्टिक आणि पत्र्याआड दडलेलं सगळं उजेडात आलं आहे: इंजिनच्या पुढच्या अंगाला बिलगलेला छोटासा टर्बो, त्याच्यावरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच, आणि टर्बोच्या तोंडातून निघून खाली वळत इंजिनच्या पोटाखाली शिरणारी जाड, तपकिरी पडलेली नळी. हाच डाउनपाइप. आज तो निघणार आहे आणि त्याच्या जागी जो बसायचा आहे तो अजून तयारच झालेला नाही. त्याचं सामान लोखंडी बाकावर मांडलं आहे. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची अडीच इंची नळी, भिंतीची जाडी दीड मिलिमीटर. त्याच मापाचे दोन तयार बेंड. लेझरवर कापून आणलेली दहा मिलिमीटर जाडीची फ्लँज. तारेच्या जाळीचं आवरण असलेला फ्लेक्स. ऑक्सिजन सेन्सर बसवायला आटे पाडलेले दोन बॉस. आणि धातूच्या पातळ पत्र्याची गुंडाळी आत असलेला नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अजून कागदात गुंडाळलेला.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला हा गाळा आहे. समोर लेथ चालू आहे, पलीकडे कुणी उसाच्या ट्रॉलीचा कणा सरळ करतंय, आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर अडकल्यामुळे हॉर्न थांबायला तयार नाहीत. गुऱ्हाळांचे चरक आणि शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता, मग स्वतःच बनवता बनवता ही वस्ती वाढली. पुढे शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला फौंड्र्या उभ्या राहिल्या आणि इथलं कास्टिंग देशभरातल्या मोटार कारखान्यांत जाऊ लागलं. मेस्त्रींचे वडील ऑइल इंजिनवाले. मेस्त्री स्वतः साठीला आलेले, मनगटापर्यंत बाह्या, कपाळावर चष्मा. त्यांच्या हाताखाली आयटीआय झालेला एक पोरगा आहे. आणि गाडीचा मालक, इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग. तो सकाळपासून गाडीभोवती फिरतोय आणि मेस्त्री त्याला दर थोड्या वेळानं उजेडातून बाजूला करतायत.

गाडी फियाट लिनिया टी-जेट. २०१० साली ती भारतात आली. १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ पीएस ताकद, २०७ न्यूटन-मीटर टॉर्क. बनली पुण्याजवळ रांजणगावात. तिथे आता जीप बनते, फियाटच्या गाड्या बंद झाल्या. पण ज्यांच्याकडे ह्या गाड्या आहेत ते त्या सोडायला तयार नाहीत, आणि त्यांचं हे प्रेम मला समजतं. त्या काळात आपल्याकडे ह्या किमतीला टर्बो पेट्रोल मिळणं दुर्मीळ होतं. ही लिनिया आता रस्त्यावर धावत नाही. मागच्या सीट काढून आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवला आहे, आणि धावपट्टीवरच्या शर्यतींना ती ट्रेलरवरून जाते. हे सांगायला हवं, कारण नोंदणी असलेल्या, रोज वापरातल्या गाडीत कंपनीनं दिलेलं असं काही बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. शर्यतीची गाडी असूनही मेस्त्रींनी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा हट्ट सोडलेला नाही. मालकाला नुसती सरळ नळी हवी होती.

"कॅटशिवाय मी करत न्हाय," मेस्त्री म्हणतात. "रांगेत तुझ्या मागं हुबा ऱ्हाणारा बी माणूसच हाय की."

म्हणून तो कागदातला कॅट. मूळच्या सिरॅमिकच्या ठोकळ्यात बारीक छिद्रांची दाटी असते. ह्या धातूच्या गुंडाळीत चौरस इंचाला दोनशे छिद्रं आहेत, भिंती पातळ आहेत. धूर बराच मोकळा जातो आणि तरी स्वच्छ होऊन जातो.

टर्बोच्या एका आसावर दोन चाकं असतात. एक्झॉस्टचा तापलेला वायू एकाला फिरवतो, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. एवढ्या लहान टर्बोचा आस मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो. एक्झॉस्टच्या बाजूच्या चाकाला, म्हणजे टर्बाइनला, ताकद मिळते ती मुख्यतः अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब ह्यांच्यातल्या तफावतीतून. पलीकडची वाट चोंदलेली असेल तर ती तफावत घटते, टर्बो उशिरा जागा होतो आणि इंजिनला धूर बाहेर ढकलायला जास्त कष्ट पडतात. टर्बो नसलेल्या इंजिनात एक्झॉस्टच्या नळ्यांची लांबी फार जपून ठरवावी लागते, कारण तिथे वायूच्या लाटा उलट येऊन सिलिंडर रिकामा करायला मदत करतात. टर्बाइन ओलांडल्यावर त्या लाटांचा जोर बराचसा सरलेला असतो. तिथे वायू फक्त मोकळी वाट मागतो. दोन इंचांची नळी अडीच इंचांची केली की व्यास सव्वापट होतो, पण आतलं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं. एवढ्याच फरकासाठी आजचा सगळा दिवस आहे.

जुनी नळी सोडवताना पहिली अडचण येते. स्टडवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. नट निघतायत, पण शेवटचा नट अर्ध्या फेऱ्यावर अडतो, पाना हातात मऊ पडल्यासारखा वाटतो आणि स्टड तुटतो. टर्बोच्या अंगातून जेमतेम चार मिलिमीटरचं टोक बाहेर उरतं. मालकाचा चेहरा उतरतो. पोरगा ड्रिल आणायला वळतो.

"ड्रिल ऱ्हाऊ दे. नट आण, एक नंबर मोठा."

मेस्त्री त्या तुटक्या टोकावर मोठा नट अलगद धरतात आणि आर्गनच्या टॉर्चनं नटाच्या आतून टोकाशी त्याला जोडून टाकतात. आर्गन म्हणजे टिग वेल्डिंग. इथे सगळे आर्गनच म्हणतात. वेल्ड लाल असताना पाना लावत नाहीत. त्यावरची लाली जाईपर्यंत थांबतात, मग पाना लावून आधी किंचित आवळतात, मग सोडतात, पुन्हा आवळतात. वेल्डच्या तापानं स्टड फुगतो, निवताना आकसतो, आणि त्या हालचालीत आट्यांतला गंज सुटतो. तिसऱ्या खेपेला कर्र असा आवाज येऊन स्टड फिरू लागतो. ड्रिलनं हे काम केलं असतं तर बीड आणि पोलाद ह्यांच्या सीमेवर बिट घसरून टर्बोचं अंग खराब होण्याची भीती होती. मेस्त्री तुटलेला स्टड मालकाच्या तळहातावर ठेवतात. "नवे सगळे बदलू. नट तांब्याचे टाकायचे. तापून धरत न्हाईत."

आता टर्बोचं तोंड उघडं आहे. आत टर्बाइनचं चाक दिसतं, त्याच्या बाजूला वेस्टगेटची झडप. दाब ठरल्यापेक्षा जास्त झाला की ही झडप उघडते आणि वायू टर्बाइनला वळसा घालून थेट डाउनपाइपमध्ये येतो. मेस्त्री नवी फ्लँज तोंडावर धरतात आणि पोराला ॲक्च्युएटरचा दांडा हातानं ओढायला सांगतात. झडप उघडते. टिक. ते फ्लँज काढतात, आतली एक कड मार्करनं रंगवतात, पुन्हा लावतात. टिक. रंगावर बारीक ओरखडा उठलाय. झडपेचा काठ फ्लँजला लागतोय. कानस घेऊन ते तेवढीच कड तिरकी घासतात आणि पुन्हा धरतात. तिसऱ्यांदा दांडा ओढला जातो आणि काहीच ऐकू येत नाही. ही टिक राहिली असती तर झडप पूर्ण उघडली नसती, बूस्ट आवरला नसता, आणि कुणी महिनाभर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसलं असतं.

"तार आण. आठ नंबरची."

मी ह्याच क्षणासाठी आलो आहे. डाउनपाइपचं चित्र कुठे काढलेलं नाही, स्क्रीनवर काही फिरत नाही. मेस्त्री जाड तार फ्लँजच्या मध्यावर चिकटवतात आणि गाडीखाली सरकतात. हातबत्तीच्या उजेडात त्यांची बोटं तारेला वाकवत नेतात: टर्बोच्या तोंडातून खाली, रेडिएटरपासून अंग चोरून, मग मागे वळून ऑइल सम्प आणि पुढच्या आडव्या तुळईच्या मधून, तिथून किंचित डावीकडे, कारण उजवीकडे ड्राइव्हशाफ्ट फिरतो. प्रत्येक अडथळ्यापाशी ते थांबतात, दोन बोटं तारेच्या भोवती फिरवतात आणि मनात नळीची जाडी धरतात. तार नळीचा मध्य आहे; तिच्या भोवती सगळीकडे बत्तीस मिलिमीटर नळीचे आणि त्याच्या पुढे मोकळ्या जागेचे.

"किती जागा सोडायची?" मालक विचारतो.

"गाडी हुबी आसताना किती, का पळताना किती?"

पोरगा न सांगता पहार घेऊन येतो. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेलं असतं. जोर लागला की ते मागेपुढे झुलतं. पोरगा पहारीनं इंजिनला रेटा देतो आणि मेस्त्री खालून तार बघत राहतात. इंजिन हलतं, सम्प तारेच्या जवळ येतो, परत जातो. "आजून दे. आजून." मग ते खडूनं सम्पवर एक रेघ मारतात. त्या रेघेच्या आत नळीनं यायचं नाही. शर्यतीच्या सुरुवातीला क्लच सुटतो तेव्हा इंजिन नेमकं असंच झुलणार आहे, आणि त्या वेळी नळी लालबुंद असणार आहे.

हे पाहताना मला पक्कं वाटतं की ह्या कामाचा प्राण वेल्डिंगमध्ये नाही. बाजारात लोक वेल्डचे फोटो काढतात, नाण्यांच्या चळतीसारखी उठलेली ती रांग मिरवतात. पण नळी कुठून जाणार हे ज्याला कळलं नाही त्याचा सुंदर वेल्ड सम्पला घासून आठवड्यात फुटतो. मेस्त्रींनी गाडीखालून बाहेर येऊन जी वाकडीतिकडी तार बाकावर ठेवली आहे, तीच खरी नळी आहे. बाकीचं तिला अंग देणं आहे.

तारेवरून बेंड लावून बघतात. वरचं वळण तयार बेंडमध्ये बसतं. सम्पखालचं बसत नाही. तयार बेंडच्या वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे पंचाण्णव मिलिमीटर. इथे सत्तरच्या वर जागा नाही. शिवाय वळण एका पातळीत नाही, खाली उतरता उतरता ते डावीकडेही झुकतं. तयार बेंड असा पीळ घेत नाही.

"पाचरी कापाव्या लागणार," मेस्त्री म्हणतात आणि बाकावरच खडूनं आकडेमोड करतात. पंचेचाळीस अंशांचं वळण, पाच पाचरी, प्रत्येकी नऊ अंशांची. म्हणजे प्रत्येक पाचरीची दोन्ही तोंडं साडेचार अंशांनी तिरकी. अडीच इंची नळीत एवढ्या तिरकेपणानं आतल्या आणि बाहेरच्या कडेत दहा मिलिमीटरचा फरक पडतो: आतली कड सहा, बाहेरची सोळा. खडूचा हिशोब मी वहीत पुन्हा करून पाहतो. जुळतो.

पोरगा नळीवर लांबलचक सरळ रेघ ओढतो. बँडसॉचा शिकंजा साडेचार अंशांवर बसवून पहिला काप घेतला की नळी अर्धा फेरा फिरवायची, सरकवायची, दुसरा काप घ्यायचा. रेघ कधी वर, कधी खाली. सरकवताना पात्याच्या जाडीएवढं माप वाढवून धरायचं, नाहीतर प्रत्येक पाचर तेवढी बारकी निघते आणि पाचवीला पोचेपर्यंत वळण आवळून बसतं. तुकडे एकेक करून ट्रेमध्ये पडतात. मग कानस. आतून बाहेरून प्रत्येक कडेची चिंधी काढायची, आणि त्याला इथे वेगळी कानस, वेगळी चाकं, वेगळा तारेचा ब्रश आहे. सगळ्यांवर पिवळा रंग लावलेला. साध्या लोखंडावर चाललेलं चाक स्टेनलेसवर लावलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि न गंजणारी नळी वेल्डच्या कडेनं गंजू लागते. पोरगा घाईत समोरचा दुसरा ब्रश उचलतो.

"पिवळा!" मेस्त्री मान वर न करता ओरडतात.

टाके मारायला दुपार होते. पाचर पाचरीला भिडवायची, उजेडाकडे धरायची आणि सांध्यातून प्रकाश दिसतो का बघायचं. दिसला तर पुन्हा कानस. एवढ्या पातळ नळीत फट वेल्डनं भरून काढता येते असं सांगणारे कारागीर असतात, पण फटीपाशी नळी जळून भोक पडतं किंवा वेल्ड निवताना दोन्ही कडा ओढून घेतो आणि वळण भलतीकडे जातं. प्रत्येक सांध्याला चार बारीक टाके, समोरासमोर. पाचरी तारेवर धरून मेस्त्री एकेक पाचर केसभर फिरवतात, तसतसं वळण खाली जाता जाता डावीकडे झुकत जातं. त्यांचं बोलणं आता बंद झालं आहे. मालकसुद्धा कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिला आहे.

टाक्यांवरची नळी गाडीत चढवून बघतात. सम्पखाली जागा बरोबर आहे, पण मागच्या टोकाची फ्लँज गाडीच्या मधल्या नळीशी बोटभर वाकडी येते. ओढून बसली असती. बोल्ट आवळले असते तर ते जुळलंच असतं, आणि बहुतेक ठिकाणी असंच करतात. मेस्त्री ती खाली उतरवतात, तिसऱ्या आणि चौथ्या पाचरीमधले टाके कापतात, चौथी पुन्हा फिरवतात आणि नव्यानं टाके मारतात. ताणून बसवलेली नळी थंड असताना शांत असते. तापली की तो ताण टर्बोच्या तोंडावर जातो, आणि पुढे तिथलं बीड तडकतं.

ह्याच कारणासाठी फ्लेक्स आहे. स्टेनलेस स्टील साध्या पोलादापेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं. अर्धा मीटर नळी सहाशे अंशांनी तापली तर सुमारे पाच मिलिमीटर वाढते. ही वाढ कुठेतरी जायला हवी, आणि इंजिनचं झुलणंही मधे कुठेतरी जिरायला हवं. फ्लेक्सची आतली पन्हाळी दोन्ही गिळते. त्याला पीळ मात्र सहन होत नाही. म्हणून तो टाकताना मेस्त्री त्याच्या दोन्ही टोकांवर एका ओळीत खुणा करतात आणि शेवटपर्यंत त्या खुणा समोरासमोर आहेत ना, हे बघत राहतात.

सेन्सरच्या बॉसची जागा घड्याळाच्या काट्यांवर ठरते: दहा ते दोनच्या मध्ये, म्हणजे सेन्सर वरून खाली झुकलेला. थंड इंजिन सुरू झालं की एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं. सेन्सर खालच्या अंगाला असला तर तापलेल्या सिरॅमिकवर ते पाणी उडून तो तडकतो. एक बॉस कॅटच्या आधी, एक नंतर. भोकं पाडून बॉस बसतात.

आता शटर अर्धं खाली येतं आणि गाळ्यातले पंखे बंद होतात. वाऱ्याची झुळूक आली की आर्गनचं आवरण उडतं आणि तापलेल्या धातूला हवा लागते. गाळ्यात लगेच उकडू लागतं. मेस्त्री सगळी नळी ॲसिटोननं पुसतात आणि त्यानंतर तिला उघड्या हातानं शिवत नाहीत. दोन्ही तोंडं ॲल्युमिनियमच्या फॉइलनं आणि टेपनं बंद होतात. खालच्या टोकाला एक बारीक नळी खुपसून आतही आर्गन सोडला जातो, आणि वरच्या टोकाला सुईनं एक भोक. आर्गन हवेपेक्षा जड असतो. खालून भरत गेला की तो हवेला वर उचलतो आणि त्या भोकातून बाहेर काढतो. हे न करता वेल्ड केलं तर सांधा बाहेरून चकचकीत आणि आतून जळलेल्या साखरेसारखा खडबडीत, काळा निघतो. तो वायूची वाट अडवतोच, शिवाय त्याचे कण सुटून कॅटमध्ये जाऊन बसू शकतात. हे कुणालाच दिसत नाही. गिऱ्हाईक नळीच्या आत डोकावून बघत नाही. आर्गनचा सिलिंडर महाग आहे. मेस्त्री तरी आत तो भरतायत, घड्याळाकडे बघत वाट बघतायत, आणि मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो ह्या वाट बघण्यापाशी सगळ्यात जास्त आहे.

टर्बोकडची फ्लँज एका भंगारातल्या टर्बोच्या अंगावर आवळून बसवली आहे. दहा मिलिमीटरचं पोलादसुद्धा वेल्डच्या ओढीनं वाकतं. जाड बिडाला जखडलं की कमी वाकतं. वेल्ड सलग फिरवत नाहीत. इथे बोटभर, मग समोर बोटभर, मग काटकोनात. करंट पन्नास अँपिअरच्या आसपास, पायाखालच्या पेडलवर कमीजास्त होणारा. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात ३०८एल प्रतीची बारीक सळी. काळ्या काचेतून मला एक छोटंसं झळझळीत तळं दिसतं. सळीचं टोक त्याला शिवतं, एक थेंब त्यात मिसळतो, तळं पुढे सरकतं. शिवतं, सरकतं. टॉर्चचा आवाज जवळपास नाहीच, फक्त वायूची बारीक फुसफुस. सांधा संपला तरी मेस्त्री टॉर्च लगेच उचलत नाहीत. करंट बंद झाल्यावरही आर्गन काही सेकंद वाहत राहतो आणि लाल टोक त्याच्या आडोशाला निवतं.

सहा सांधे पाचरींचे, मग बेंडचे, फ्लेक्सचे, कॅटचे, बॉसचे. पहिल्या सांध्याचा रंग गव्हाळ सोनेरी आहे. दुसऱ्याला निळसर झाक आली. मेस्त्री करंट थोडा उतरवतात, नळी निवू देतात आणि उलट्या टोकाचा सांधा घेतात. करडा रंग आला म्हणजे धातू जास्त तापला, त्यातलं क्रोमियम जळालं. पोरगा एक सांधा मागून घेतो. मेस्त्री त्याला कॅटच्या मागचा सोपा, सरळ सांधा देतात आणि त्याच्या खांद्यामागे उभे राहतात. "कोपर टेकव. श्वास सोड. आता जा." पोराची रांग थोडी नागमोडी जाते, पण रंग सोनेरीच राहतो. मेस्त्री काही म्हणत नाहीत, फक्त फॉइल काढून आत बत्ती मारतात आणि पोराला बघायला बोलावतात. आतला सांधा पांढरा, स्वच्छ आहे.

फ्लँज सोडवून काचेसारख्या सपाट पाटावर ठेवतात आणि कडेनं फिलर गेजची पाती सरकवून बघतात. एका कोपऱ्याखाली ०.१५ मिलिमीटरची पाती जाते. मेस्त्रींना हे मान्य नाही. पाटावर वाळूचा कागद अंथरून फ्लँज आठाच्या आकड्यात घासत राहतात, मधूनमधून मार्करनं रंगवून कुठला रंग उरला ते बघतात. ह्याला बराच वेळ जातो.

गळती तपासणं त्या मानानं झटपट होतं. दोन्ही तोंडं बंद, बॉसच्या भोकातून कॉम्प्रेसरची थोडी हवा, सांध्यांवर साबणाचं पाणी. एकाही सांध्याला फुगा येत नाही. कॅटच्या आधी सुईएवढी गळती असली तरी एक्झॉस्टच्या ठोक्यांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि संगणक उगाच पेट्रोल वाढवत बसतो.

नळी गाडीत चढते ती कुठेही न रेटता. नवे स्टड, स्टीलच्या थरांची नवी गॅस्केट, तांब्याचे नट. सगळे नट आधी हातानं, मग पान्यानं आलटूनपालटून, शेवटी टॉर्क पान्यानं २५ न्यूटन-मीटर. रेडिएटरच्या बाजूला आणि सम्पजवळ बसाल्टच्या धाग्याची पट्टी गुंडाळली जाते. फ्लेक्स उघडा ठेवला जातो. पंखा, कवच, सेन्सरच्या वायरी. पोरगा पुन्हा पहार घेतो, इंजिन झुलवतो, आणि मेस्त्री खडूच्या रेघेपाशी बोट धरून बघतात. नळी रेघेबाहेर आहे.

किल्ली फिरते. इंजिन धरतं. काही क्षणांत पट्टीतून पांढरा धूर निघू लागतो आणि मालक घाबरून बंद करायला हात पुढे करतो. "तेल आन् पाणी जळायलंय. जळू दे." धूर विरतो. आवाज पहिल्यापेक्षा किंचित खोल झाला आहे, गल्लीतल्या कुणी मान वळवून बघावं असा नाही, आणि मला ते फार आवडतं. शर्यतीच्या गाडीनं गावाच्या कानठळ्या बसवल्याच पाहिजेत असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नळी ऐकायला यावं. मालक पेडल अलगद दाबतो तेव्हा टर्बोची शीळ पूर्वीपेक्षा लवकर उठते. मेस्त्री ती ऐकत नाहीयेत. ते गाडीखाली आडवे होऊन नळी आणि सम्प ह्यांच्यामधली फट बघतायत.

इंजिन बंद करून पूर्ण निवेपर्यंत थांबतात. पुन्हा टॉर्क पाना. सगळे नट जागच्या जागी क्लिक देतात, एक पाव फेरा फिरतो आणि मग क्लिक देतो. गॅस्केट बसली.

"मॅपिंग झाल्याबिगर बूस्टवर न्यायची न्हाय," मेस्त्री हात पुसत सांगतात. "वाट मोकळी झाली, आता टर्बो लवकर भरणार. वेस्टगेट कमी पडलं तर दाब वर जाईल. लॅपटॉपवाल्याला आधी दाबाचा आकडा बघायला सांग. आन् दोनदा तापून निवली की नट परत बघून घे."

मालक मान हलवतो, फोनवर सगळं टिपून घेतो. ट्रेलरवाला गल्लीच्या तोंडाशी आलाय, उसाच्या ट्रॉलीमागे थांबलाय. गाडी ढकलत बाहेर नेताना मालक वळतो.

"मेस्त्री, माझ्या मित्राकडं पण हीच गाडी हाय. हीच मापं धरून आजून एक करून ठिवा की. मी घिऊन जातो."

"गाडी आण," मेस्त्री म्हणतात. "तिचे माउंट किती बसलेत, कुणाला ठावं?"